अमानित्व हे ज्ञान कसे?

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षमा, सरळपणा अशी ती मालिका सुरू होते आणि शेवटी निर्णय दिलेला आहे की हेच ज्ञान, याहून निराळे ते सारे अज्ञान. ज्ञानेश्वर महाराजांनी यातील एकेका शब्दावर ओव्यांमागून ओव्या वेचल्या. नित्य पारायण करणाऱ्या वारकऱ्याला हा भाग पाठ असतो. पण पाठ असलेल्या गोष्टीचा विचार आपण फारसा करीत नाही. म्हणून आज त्यातील पहिल्याच शब्दापाशी थोडे थांबू.

अमानित्व म्हणजे मानाची हाव नसणे, मीपणाचा ताठा नसणे. हा गुण चांगला खरा, पण त्याला ज्ञान कसे म्हणावे? नम्र माणसाला हिशेब बिनचूक येतो, असे थोडेच आहे? आणि मोठमोठे विद्वान गर्विष्ठ असतात, हे तर आपण रोज पाहतो. मग भगवंतांनी शीलाच्या गुणांना ज्ञान म्हटले, ते केवळ गौरवाने का? पुष्कळ प्रवचनकार सांगतात की हे गुण ज्ञानाचे साधन आहेत. भांडे स्वच्छ असेल तर दूध नासत नाही, तसे हे आहे. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. माझे म्हणणे असे की अमानित्व हा जाणण्याच्या क्रियेचाच एक भाग आहे. जेथे 'मी' मिसळला तेथे माणूस वस्तू पाहतच नाही, वस्तूच्या जागी स्वतःला पाहतो. आणि हे सिद्ध करायला मी तुम्हांला मठात नेणार नाही. संशोधकांच्या प्रयोगशाळेत नेणार आहे. कारण मीपणाने ज्ञानाचे किती नुकसान होते, ते तेथे अक्षरशः मोजून दाखविता येते.

आपल्या परिचयाच्या प्राण्यापासून सुरुवात करू. आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पालखीपुढे अश्व चालतात. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून ते येतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ रिकामी. त्यावर प्रत्यक्ष माउली बसतात अशी आपली श्रद्धा. रिंगणात तो अश्व दौडला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसांची झुंबड उडते. हा घोडा माणसाच्या दावणीला प्रथम कोठे आला असेल, हा विचार त्या गर्दीत कोणाच्या मनात येत नाही, आणि यायचे कारणही नाही. पण जगात काही माणसे अशी आहेत की ज्यांनी याच प्रश्नाला आयुष्य वाहिले. जुन्या हाडांवरून ती त्याचा शोध घेतात.

हा शोध कसा घेतात ते सांगतो. प्रत्येक जीवाच्या शरीरातील सूक्ष्म पेशींत लांबच लांब धाग्यासारखे एक द्रव्य असते, त्याला डीएनए म्हणतात. ती चार अक्षरांत लिहिलेली पोथीच समजा. आईबापांकडून लेकरांकडे तिची नक्कल उतरते, आणि नक्कल म्हटली की क्वचित एखादे अक्षर चुकतेच. ती चूक पुढच्या नकलांत तशीच उतरत जाते. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या, असे जुन्या पोथ्या पाहणारे म्हणतात ना? अगदी त्याच न्यायाने कोणता प्राणी कोणाच्या वंशातला, हे या अक्षरांवरून ठरवितात. जीव गेल्यावर ही पोथी फाटू लागते. तिचे चिटोरे होतात. पण थंडीत, कोरड्या जागी, हाडाच्या आत काही चिटोरे टिकून राहतात.

हे चिटोरे वाचण्याचा आरंभ १९८४ साली झाला. क्वागा नावाचा, अर्ध्या अंगावर पट्टे असलेला, झेब्र्याच्या जातीचा एक प्राणी आफ्रिकेच्या दक्षिण भागात होता. माणसाने त्याची बेसुमार शिकार केली, आणि त्याचा शेवटचा जीव १८८३ साली अॅम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. संग्रहालयात ठेवलेल्या सुमारे १४० वर्षांच्या एका क्वागाच्या कातड्याला थोडे मांस चिकटून राहिले होते. त्यातून कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी डीएनएचे दोन लहान तुकडे काढून वाचले. पुढे ही विद्या वाढत गेली, आणि २०१३ साली कॅनडातील युकॉन प्रांतात गोठलेल्या जमिनीत सापडलेल्या एका घोड्याच्या पायाच्या हाडातून सुमारे ७ लाख वर्षांपूर्वीची पोथी वाचण्यात आली. ७ लाख वर्षे! आपली एक पिढी पंचवीस वर्षांची धरली तर हे अंतर २८,००० पिढ्यांचे होते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या कामात सर्वांत मोठा शत्रू कोण? काळ नव्हे, ऊन नव्हे, पाऊसही नव्हे. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे शोध घेणारा स्वतः! हाडातील चिटोरे अत्यंत थोडे आणि जीर्ण; आणि संशोधकाचा श्वास, घाम, त्वचेचा कण, केस यांत त्याचे स्वतःचे ताजे, अखंड डीएनए भरलेले. हाडावर नुसता एक उच्छ्वास पडला तरी नवी पोथी जुनीवर मात करते. मग यंत्र वाचते ते कोणाला? हाडाला नव्हे, हाड हाती धरणाऱ्याला. आणि त्या बिचाऱ्याला वाटते, मला गूढ सापडले!

ही कल्पनेतली भीती नाही. स्वीडनच्या स्वांते पेबो या तरुण संशोधकाने १९८५ साली इजिप्तमधील सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या एका बालकाच्या जतन केलेल्या शवातून डीएनए मिळाल्याचे प्रसिद्ध केले. जगभर वाहवा झाली. पुढे त्यांच्याच लक्षात आले की तो लांबलचक तुकडा इतका जुना असणे कठीण. तो बहुधा कोणा अलीकडच्या माणसाचा होता. अमेरिकेत १९९४ साली तर ८ कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातील हाडातून डीएनए काढल्याचे जाहीर झाले. वर्षभरातच इतरांनी ती अक्षरे ताडून पाहिली, आणि ती माणसाची निघाली. एवढा कोट्यवधी वर्षांचा प्रवास करून शेवटी भेटले कोण? तर आपणच!

पेबोंनी आपला मोठेपणा जपत बसण्याऐवजी पुढची पुष्कळ वर्षे एकाच कामात घातली: आपण स्वतः शोधात मिसळणार नाही, अशी पद्धत बसविणे. त्यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते या मार्गाने झालेल्या कामाबद्दल. आज अशा प्रयोगशाळेत शिरायचे तर डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख, तोंडावर पट्टी, हातात मोज्यांवर मोजे. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा अधिक ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी बाहेरची धूळ आत येत नाही. रात्री खोलीत विशिष्ट किरण सोडून राहिलेसाहिले कण निकामी करतात. कित्येक ठिकाणी काम करणारांचे स्वतःचे डीएनए आधीच नोंदवून ठेवतात, म्हणजे चोर घरातला असेल तर ओळखता यावा. विकत आणलेल्या रसायनांतूनसुद्धा गाईचा, डुकराचा, कोंबडीचा अंश येतो, असे आढळले. म्हणून त्यांचीही परीक्षा.

या साऱ्यांत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. तिला आपण रिकामी चाचणी म्हणू. हाडाची भुकटी ज्या नळीत घालतात तिच्या शेजारी दुसरी एक नळी ठेवतात. तिच्यात सर्व रसायने तीच, सर्व क्रिया त्याच, फक्त हाड नाही. जिच्यात काहीच घातले नाही त्या नळीतून जर डीएनए निघाले, तर ते हाडाचे असणे शक्यच नाही, ते आपलेच. दुसरी खूण जीर्णपणाची. जुन्या डीएनएच्या तुकड्यांची टोके विशिष्ट तऱ्हेने झिजतात आणि काही अक्षरे ठरावीक रीतीने बदलतात. जे फार अखंड, फार टवटवीत दिसते त्यावर संशय घ्यायचा. आणि तिसरी गोष्ट, मोठा दावा असेल तर दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या, आपल्याशी काही लागेबांधे नसलेल्या माणसांनी तो पुन्हा करून पाहायचा.

वाचकहो, हे ऐकून आपल्याला पैठणची आठवण होत नाही काय? ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवासे येथे सांगितली गेली. त्यानंतर जवळजवळ तीन शतके तिच्या नकलांवर नकला होत गेल्या. लिहिणारे भाविकच होते, पण कोणी अक्षर चुकले, कोणी कठीण शब्दाच्या जागी सोपा घातला, कोणाला स्फुरण चढले त्याने पदरची ओवी जोडून दिली. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये जुन्या प्रती मिळवून, पाठ ताडून, ग्रंथ शुद्ध केला. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो ती याच कामाच्या स्मरणार्थ. आणि शेवटी त्यांनी कडक शब्दांत बजावून ठेवले की यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये. जरा विचार करा. नाथ काही सामान्य नक्कलकार नव्हते. भागवतावर टीका लिहिणारे, ओवीवर प्रभुत्व असलेले ते कवी. चार ओव्या घातल्या असत्या तर कोणाला ओळखूही आल्या नसत्या! पण ज्याच्याजवळ घालण्याची शक्ती सर्वांत अधिक, त्यानेच सर्वांत अधिक हात आवरला. हेच अमानित्व. आणि ते नुसते शील नव्हते. त्याच्यावाचून माउलींचे शब्द आपल्यापर्यंत माउलींचे म्हणून पोचले नसते. नाथांचे अमानित्व हेच आपल्या हातातील ज्ञान आहे.

येथवर शरीराच्या भेसळीचे बोललो. तिला पोशाख पुरतो. पण माणसाच्या मताची भेसळ त्याहून सूक्ष्म. तिला कोणता मोजा घालावा? पुन्हा घोड्याकडे वळू. कझाकस्तानच्या उत्तरेला बोताई नावाचे सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे वसतिस्थान आहे. तेथे घोड्यांच्या हाडांचे ढीगच्या ढीग सापडले. इंग्लंडचे अॅलन औट्रम आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली दाखविले की तेथील काही घोड्यांच्या दातांवर लगामाच्या खुणा आहेत आणि मडक्यांत घोडीच्या दुधाचा अंश मुरला आहे. म्हणजे घोडा तेथे माणसाळला. आणि मग आजचे सर्व घोडे त्यांचेच वंशज असतील, असा समज साहजिकच बळावला. पुढे त्याच हाडांतील पोथी वाचली गेली. २०१८ साली निष्कर्ष आला तो उलटा: आजच्या पाळीव घोड्यांत बोताईच्या घोड्यांचा अंश अगदी थोडा, शेकडा तीनही भरत नाही. बोताईचे खरे वंशज निघाले मंगोलियाकडचे, ज्यांना जग आजवर रानटी समजत होते ते प्रझेवाल्स्कीचे घोडे. हा निष्कर्ष प्रसिद्ध करणारांत कोण होते? विरोधक नव्हेत, तेच औट्रम त्यांत होते. ज्यांनी बोताईचे महत्त्व जगाला दाखविले, त्यांनीच ती हाडे पुढील परीक्षेला दिली, आणि परीक्षा प्रतिकूल गेल्यावर तिच्याखाली आपले नाव लिहिले.

मग आजचे घोडे आले कोठून? फ्रान्समधील तुलूझ येथील लुडोविक ऑर्लांडो आणि त्यांच्याबरोबरच्या अनेक देशांतील संशोधकांनी २०२१ साली २७३ प्राचीन घोड्यांच्या पोथ्या ताडून उत्तर दिले: रशियातील व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतून. तेथून सुमारे चार हजार वर्षांपूर्वी हा वंश झपाट्याने चहूकडे पसरला. बोताईचे घोडे खरोखर माणसाळलेले होते की नाही, यावर विद्वानांत अजून वाद आहे, तो राहो. आपल्याला घ्यायचे ते हे की येथे ज्ञान पुढे सरकले ते कोणाच्या तरी 'माझे म्हणणे' सोडण्याने. ते सोडले नसते तर हाडे तीच राहिली असती, यंत्रे तीच राहिली असती, आणि तरी ज्ञान झाले नसते.

आता कोणी म्हणेल, "अहो, हाड चुकीचे वाचले गेले तर कोणाचे काय बिघडले? विद्वानांचे कागद फुकट गेले, एवढेच ना?" बरे, मग जेथे बिघडते तेथे चला. यंत्रविद्येत चुकलेल्या ज्ञानाची किंमत माणसांच्या प्राणांनी भरावी लागते.

इंग्लंडमधील डी हॅविलंड कंपनीने कॉमेट नावाचे विमान बांधले. जेट यंत्रांवर उतारू नेणारी नियमित सेवा जगात प्रथम त्याच विमानाने, मे १९५२ मध्ये सुरू झाली. ते फार उंचावरून उडे. तेथे हवा विरळ, म्हणून आत बसणारांसाठी विमानात दाबाने हवा भरावी लागे. प्रत्येक उड्डाणाला विमानाची कोठी किंचित फुगे आणि उतरल्यावर पुन्हा बसे. तार पुन्हा पुन्हा वाकविली की तुटते, तसा धातूही अशा फुगण्या-बसण्याने थकतो. बांधणारांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी कोठीचा एक भाग घेऊन तो पुन्हा पुन्हा फुगवून पाहिला. एकूण सुमारे १८,००० वेळा दाब सोसल्यावर तो फुटला. विमानाच्या आयुष्यात इतकी उड्डाणे व्हायची नव्हती. सारे निश्चिंत झाले.

जानेवारी १९५४ मध्ये रोमहून निघालेले एक कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटून समुद्रात पडले; ३५ माणसे गेली. उड्डाणे थांबविली. ज्या ज्या शंका आल्या त्यांपुरत्या दुरुस्त्या केल्या, आणि खरे कारण सापडलेले नसतानाच मार्चमध्ये विमाने पुन्हा उडू लागली. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच एप्रिलमध्ये दुसरे कॉमेट नेपल्सजवळच्या समुद्रात पडले. आणखी २१ जीव गेले. पहिल्या विमानाची जेमतेम १,२९० उड्डाणे झाली होती आणि दुसऱ्याची ९००.

मग फार्नबरो येथील संशोधकांनी सर आर्नल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली एक अखंड विमान पाण्याच्या प्रचंड हौदात ठेवले. आत-बाहेर पाणी भरून ते फुगवीत आणि सोडीत राहिले. पाणी अशासाठी की कोठी फुटली तरी चिंधड्या उडू नयेत, तडा कोठून गेला ते दिसावे. आधीची खरी उड्डाणे आणि हौदातली मिळून ३,०५७ वेळा झाल्यावर कोठी फाटली. तडा एका खिडकीच्या कोपऱ्यापासून गेला होता. आरमाराने समुद्राच्या तळातून काढलेल्या अवशेषांतही तडा छतावरच्या एका खिडकीच्या कोपऱ्यापाशीच सुरू झालेला आढळला.

मग पहिल्या परीक्षेत १८,००० हा आकडा आला कसा? येथेच सारी मेख आहे. परीक्षेला घेतलेला तो भाग आधी दुसऱ्या एका परीक्षेतून गेला होता. किती दाब सोसतो हे पाहण्यासाठी त्याला नेहमीच्या दुप्पट दाब देण्यात आला होता. त्या दाबाने कोपऱ्यांतला धातू किंचित ताणला जाऊन असा बसला की पुढे लहान दाबांनी तेथे तडा जाणे कठीण झाले. रोज उडणाऱ्या विमानांना इतका दाब कधी दिलेलाच नव्हता. कोणी लबाडी केली नव्हती. पुढे चौकशी न्यायालयानेही कोणावर दोष ठेवला नाही. परीक्षा करणाराच्याच हाताने परीक्षेत काही मिसळले, आणि ते त्याला दिसले नाही, एवढेच. पण माणसाचा स्वभाव आपण जाणतोच. नको असलेले उत्तर आले की आपण दहा वेळा तपासतो. हवे ते उत्तर आले की एकदाच पाहून हात जोडतो. रिकामी चाचणी घ्यावीशी वाटत नाही ती याच वेळी. म्हणून मी म्हणतो, अमानित्व म्हणजे गोड बोलणे नव्हे. आपल्याला हव्या असलेल्या उत्तराकडे नको असलेल्या उत्तराइतक्याच संशयाने पाहणे, हे अमानित्व. ते कमी पडले की हिशेब चुकतो. आणि काही हिशेबांच्या शेवटी माणसे असतात.

येथे एक शंका घेतली पाहिजे. "संशोधक काय सारे साधुसंत असतात? मानासाठी, पदासाठी, कोणाचे नाव आधी छापायचे यासाठी त्यांच्यात भांडणे होतात." होतात ना! मुळीच नाकारीत नाही. पण हीच तर संशोधनाच्या पद्धतीची खुबी आहे. माणूस नम्र आहे असे ती गृहीत धरीत नाही. तो नम्र नाही असे धरूनच ती बांधलेली आहे. पोशाख, रिकामी नळी, दुसऱ्याकडून तपासणी, या साऱ्या गर्विष्ठ माणसाकडूनही निर्गर्व काम करून घेण्याच्या युक्त्या आहेत. हे तिचे बळ. आणि तिची मर्यादाही हीच. दारातून बाहेर पडताना पोशाख खुंटीला लागतो, आणि आतला माणूस होता तसाच घरी जातो. कोणता प्रश्न विचारायचा, हाती आलेले ज्ञान कोणाच्या कामी लावायचे, कारण कळले नसताना विमान उडवायचे की थांबवायचे, हे ठरविताना अंगावर पोशाख नसतो. त्याच २०२१ सालच्या शोधात असे दिसले की त्या घोड्यांत पाठीच्या बळकटीशी आणि स्वभावाच्या शांतपणाशी संबंध असलेली दोन जनुके विशेष जोपासली गेली होती. पाठ बळकट कशी झाली ते संशोधन सांगेल. त्या पाठीवर किती ओझे घालावे, ते कोणत्याही हाडात लिहिलेले नाही.

आणि म्हणूनच भगवंतांनी अमानित्वाला ज्ञान म्हटले तेव्हा त्यांना कामापुरते अमानित्व अभिप्रेत नव्हते. अंगात मुरलेले अभिप्रेत होते. पण ते मुरते कसे? आपल्या संप्रदायानेही पद्धतच लावून दिली आहे, नाही का? वारीत भेटलेला कोण, कोठला, कोणत्या जातीचा, धनवान की हमाल, हे न विचारता एकमेकांच्या पायां पडायचे. नम्रता येईपर्यंत थांबा आणि मग वाका, असे संतांनी सांगितले नाही. आधी वाका म्हणाले. हा आपला पोशाखच म्हणा ना. फरक एवढाच की संशोधकाचा पोशाख दाराशी उतरतो, आणि आपला रोज चढवून चढवून शेवटी कातडीच व्हावा अशी अपेक्षा आहे. पण पोशाख फाटका असू शकतो. पायां पडतानाही नजर आजूबाजूला असली, की कोण पाहते आहे, तर भेसळ झालीच.

आता दोन शब्द आपल्याविषयी. अलीकडे कीर्तनातून, प्रवचनातून एक प्रकार फार ऐकू येतो. विज्ञानाचा नवा शोध वर्तमानपत्रात आला की बुवा सांगतात, "हे आमच्या संतांनी सातशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे." विमान असो, अणू असो, डीएनए असो, ओढून ताणून एखाद्या ओवीत बसविलेच म्हणून समजा. श्रोते टाळ्या वाजवितात. मी नम्रपणे पण स्पष्ट विचारतो: या बोलण्यात मान कोणाचा वाढतो? संतांचा? ज्यांनी मान विषासारखा टाकला त्यांना असले प्रशस्तिपत्र कशाला हवे? मान वाढतो तो आपला. आमचे, आमचे म्हणून. ज्या ग्रंथात आपले काही घालू नका म्हणून नाथ बजावून गेले, त्यात आपण ओवी घालीत नाही हे खरे, पण अर्थ घालतो. आणि अर्थाची भेसळ अक्षराच्या भेसळीपेक्षा ओळखायला कठीण. शिवाय उद्या शास्त्रज्ञांनी आपले मत बदलले तर? बोताईचे बदलले तसे बदलतेच. मग काय माउलींनाही बदलणार? उलट, एखाद्या हाडाने आपली श्रद्धा डळमळेल म्हणून संशोधनाला भिणे, हाही मीपणाच. तेथे भीती देवासाठी नसते. आपण आजवर सांगितले ते चुकेल, याची असते.

तेव्हा प्रयोगशाळेतील त्या तीन खुणा आपण आपल्या साधनेला लावून पाहाव्यात. पहिली, रिकामी चाचणी. दिंडीत मी वीणा घेतो, पंगतीत वाढतो, देणगी देतो. त्यातून नाव, हार, पुढची जागा, हे सारे काढून घ्या आणि पाहा, काय उरते. कोणी पाहत नसताना उष्टी काढायला हात पुढे होतो काय? होत असेल तर नळीत खरोखर सेवा आहे. दुसरी, जीर्णपणाची. फार टवटवीत, फार सोयीची अशी परंपरा कोणी सांगू लागला तर थोडे थांबावे. खऱ्या जुन्या गोष्टीला झीज असते, मध्ये गाळलेले असते, कोठे कोठे आपल्या विरुद्ध जाणारेही असते. आणि तिसरी, दुसऱ्याकडून तपासणी. आपले दोष आपल्या माणसांना दिसत नाहीत. ज्याला आपल्याशी काही देणेघेणे नाही असा साधू, किंवा निंदक म्हणा, तो फुकट तपासून देतो. त्याचे उपकार मानावेत.

पुष्कळ वारकरी घरांतील मुले-मुली आज संशोधनाच्या मार्गाला लागत आहेत. एखाद्या आईबापाला वाटते, पोर हाडे आणि यंत्रे पाहता पाहता देव विसरेल. माझे सांगणे एवढेच की त्याला अडवू नका. त्याला म्हणावे, बाबा रे, तू जे पाहशील ते तसेच सांग. त्यात स्वतःला मिसळू नकोस, बापाच्या समाधानासाठीसुद्धा मिसळू नकोस. आणि अंगावरचा पोशाख उतरवून बाहेर पडलास की जे आत पाळलेस ते बाहेरही पाळ. तेवढे त्याने केले, तर तेराव्या अध्यायातील पहिला शब्द त्याने वाचला, असे आपण समजू. ज्ञानाच्या लक्षणांतील उरलेले शब्द त्याच्यापुढे आहेत, आणि आपल्याही पुढे आहेत.

रामकृष्णहरि.